मागच्या दारावरचा

त्या राज्यात राजा कोणीच पाहिलेला नव्हता, पण राजाची गोष्ट सर्वांना तोंडपाठ होती. माळावरचा ससा असो, ओढ्याकाठचं मुंगूस असो की बाभळीवरचा होला, राजवाड्याच्या चार दरवाज्यांवर कोणते चार प्राणी बसलेले होते आणि शत्रू आला तेव्हा कोण काय म्हणून उठला, हे कोणीही न अडखळता सांगे. राजवाडा नेमका कुठे होता, हे मात्र कोणी विचारत नसे.

पूर्वेच्या दरवाज्यावर आठ पायांचा शरभ होता आणि 'मान तुकवणार नाही' हे त्याचं ब्रीद. पश्चिमेला दोन तोंडांचा गंडभेरुंड, 'दोन्ही दिशा माझ्या' म्हणणारा. दक्षिणेच्या खंदकात मकर होता, तो 'खोलातून येईन' म्हणाला आणि आला. उत्तरेला सोंडेचा व्याळ होता. त्याने 'धरलं ते सोडणार नाही' असं म्हणून शत्रूचा सेनापती धरला आणि गोष्ट संपेपर्यंत सोडला नाही. असले प्राणी त्या राज्यात कधी कोणाला दिसले नव्हते. दिसत नव्हते म्हणूनच बहुधा ते सर्वांना इतके जवळचे वाटत.

वयात आलेला जवळजवळ प्रत्येक जीव या चौघांपैकी एकाचं घराणं निवडायचा आणि मग जन्मभर त्या घराण्याचा म्हणून राहायचा. ससे बहुतेक शरभाचे. ते दिवसातून दहा वेळा 'मान तुकवणार नाही' म्हणत आणि कोल्हा दिसला की मान खाली घालून बिळात शिरत. त्यांना कोणी हसत नसे, कारण हसणाराही कुठल्या ना कुठल्या ब्रीदाखाली राहतच होता. आपापल्या प्राण्यावर सगळ्यांचा जीव होता, हे मात्र खोटं नव्हतं. कोणी खडकावर गेरूने शरभ काढी, कोणी चिखलाचा मकर करून उन्हात वाळवी, कोणी व्याळाच्या लहानपणची गाणी रची, जी मूळ गोष्टीत कुठेच नव्हती. गंडभेरुंडाची दोन तोंडं एकाच वेळी झोपतात की आळीपाळीने, यावरून दोन घुबडांचं बोलणं तीन पावसाळे बंद होतं. एकूण राज्य सुखात होतं.

वर्षातून एकदा, पळस फुलून गेला की, मोठ्या माळावर निशाणांचा दिवस भरे. माळावर वारा असा होता की एका काठीवरचं कापड काठीलाच गुंडाळलं जाई आणि चित्र काही दिसत नसे. म्हणून तिथली निशाणं दोन काठ्यांवर ताणलेली असत, आणि एक काठी एकाने, दुसरी दुसऱ्याने धरायची असा रिवाज पडला होता. काठी धरील त्याने ब्रीद मोठ्याने म्हणायचं, आणि आयुष्यात एकाच घराण्याची काठी धरायची. गोष्टीची राखण राघूंकडे होती. ते माळाच्या मधोमध असलेल्या उंच दगडावर बसत, समोरून जाणारं एकेक निशाण वाचत आणि दुपारी सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत. गोष्टीतल्या ज्या ओळीचं निशाण सलग तीन वर्षं दगडासमोरून गेलं नाही, ती ओळ राघू गाळून टाकत. गोष्ट आधीच फार लांबली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. राजाचा आचारी असाच गेला होता आणि राणीचं मांजरही.

चार दरवाज्यांच्या वर्णनानंतर गोष्टीत आणखी एक ओळ होती. 'मागच्या दारावर एक होता, तो उठला नाही.' बस, एवढंच. त्याला नाव नव्हतं, ब्रीद नव्हतं, पाय किती तेही सांगितलेलं नव्हतं. ही ओळ आली की ऐकणारे जरा सैल होऊन बसत, पाठ खाजवत, पिल्लांना पाणी पाजून आणत. पुढे राजा परत येण्याचा भाग असे, त्याची सगळ्यांना घाई असे.

एका सायाळीला मात्र ही ओळ फार लहानपणी लागली होती. सायाळीच्या अंगावर काटे. तिच्याजवळ बसायचं म्हटलं तर मध्ये दोन हात जागा सोडावी लागे, आणि गर्दीच्या दिवशी एवढी जागा कोण सोडणार? त्यामुळे ती माळाच्या कडेला, रुईच्या झुडपाशी बसून गोष्ट ऐकायची. सगळे शरभासाठी उड्या मारत असताना तिने पहिल्यांदा ती ओळ ऐकली आणि तिला वाटलं, कोणीतरी आपल्याला हाक मारली. दुसरं कोणी असतं तर विसरून गेलं असतं. ती घरी गेली आणि त्या न उठलेल्याचा विचार करत राहिली. तो का उठला नसेल? सगळे त्याला आळशी म्हणत, काही जण भित्रा म्हणत. तिला ते पटेना.

मग तिने त्याला काढायला घेतलं. आपोआप गळून पडलेलाच काटा ती कुंचल्यासाठी घेई, ओढून काढलेला चालत नसे. हिरड्याची शाई, पळसफुलांचा रंग आणि सपाट सालपटं. पहिल्या वर्षी तो नुसता एक गोळा होता. दुसऱ्या वर्षी त्याला डोळे आले. हळूहळू तिला त्याची सगळी माहिती झाली. तो उजव्या कुशीवर झोपतो. त्याला करवंदं आवडतात, पण दारापासून दूर जाता येत नाही म्हणून वाऱ्याने जवळ आलेली तेवढीच खातो. त्याची शेपटी आखूड आहे, पंख नाहीत, आणि पाठ रुंद, गुळगुळीत, मऊ आहे. शत्रू आला तेव्हा राजवाड्यातली पिल्लं मागच्या दाराने पळाली, आणि दार उंचावर होतं, म्हणून एकेक पिल्लू त्याच्या पाठीवर पाय देऊन खाली उतरलं. तो उठला असता तर ती पडली असती. तिने त्याचं नाव मागला ठेवलं आणि त्याला ब्रीद दिलं, 'मी इथेच आहे'. हे सगळं तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगायचं कोणाला, हा प्रश्नच होता.

तोवर त्या ओळीचं निशाण दोन म्हाताऱ्या टिटव्या धरत असत. त्यांच्या कापडावर चित्र म्हणून नुसतं एक दार होतं. सायाळ दर वर्षी त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून चालायची. पुढे होऊन बोलावं असं तिला वाटायचं, पण काय बोलावं ते ठरेपर्यंत मिरवणूक संपलेली असे. मग एका उन्हाळ्यात दोन्ही टिटव्या गेल्या आणि निशाण धरायला कोणी उरलं नाही.

पुढच्या वर्षी सायाळ आपलं निशाण घेऊन माळावर गेली. सुगरणींकडून तिने गवताचं कापड विणून घेतलं होतं आणि त्यावर मागला असा काढला होता की तो श्वास घेतोय असं वाटावं. दोन्ही काठ्या तिच्याच हातात होत्या. दगडावरच्या थोरल्या राघूने मान तिरकी करून विचारलं, दुसरं कोण? तिने इकडेतिकडे पाहिलं. निशाण उघडलंच नाही. एकट्याच्या आवडीला घराणं म्हणत नाहीत, असं राघूने तिला समजावून सांगितलं, आणि तसा तो काही वाईट बोलला नाही.

वर्षभर तिने जिवाचं रान केलं. ज्याच्या त्याच्या बिळाशी जाऊन विचारलं. पण ज्याने एकदा शरभाची काठी धरली त्याला दुसरी धरता येत नव्हती, आणि न धरलेला असा राज्यात कोणी राहिलाच नव्हता. एक कासव तेवढं सापडलं. सुस्तपणामुळे त्याचं घराणं निवडायचं राहून गेलं होतं. ते म्हणालं, धरतो की, पण हा कोण ते तरी कळू दे. सायाळीने सांगायला सुरुवात केली ती करवंदांपासून. इतकी वर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं, आणि तिचं लक्ष गेलं तेव्हा कासवाने मान आत घेतली होती. आठ दिवसांनी ते मकराच्या घराण्यात गेलं, कारण तिथे फार बोलत नाहीत. दुसरं वर्षही तसंच गेलं.

आता एकच वर्ष उरलं होतं. यंदा निशाण उघडलं नाही तर ती ओळ गोष्टीतून जाणार होती, आणि एकदा ओळ गेली की मागला कोण होता हे सांगायला सायाळीशिवाय कोणी उरणार नव्हतं. तिला खाणं गोड लागेना. शेवटी तिने एक उपाय केला. रोज सकाळी एका सालपटावर ती ओळ लिहायची, खाली मागल्याचे नुसते दोन डोळे काढायचे आणि सालपट ओढ्यात सोडून द्यायचं. ओढा कुठे जातो हे तिला माहीत नव्हतं. तिने अशी दोनशेच्या वर सालपटं सोडली.

निशाणांच्या दिवसाला चार दिवस राहिले असताना तिच्या बिळाशी एक करकोचा आला. तो खालच्या पाणथळीकडचा होता आणि चाळीस दिवस चालत आला होता. उडत का आला नाही, ते दिसतच होतं. त्याचा डावा पंख जुन्या मोडीने लोंबत होता आणि चालताना जमिनीला घासत होता. त्याच्या चोचीत एक सालपट होतं आणि पाठीला दोन काठ्यांची गुंडाळी बांधलेली होती. त्याने सालपट खाली ठेवलं, थोडा दम घेतला आणि म्हणाला, "हे डोळे मी ओळखतो, बाई."

सायाळीला रडू आलं, आणि रडताना काटे उभे राहिले म्हणून ती ओशाळली. करकोचा मागे सरकला नाही. पाणथळीत असलं काही बाही टोचतच असतं, असं म्हणून तो तिच्याजवळच बसला.

पुढचे दोन दिवस म्हणजे तिच्या आयुष्यातले खरे दिवस होते. पाणथळीकडे गोष्ट पोचायची ती वाटसरूंच्या तोंडून, अर्धीमुर्धी, पण ती एक ओळ पोचली होती. करकोच्यानेही त्या ओळीवर वर्षानुवर्षं काढली होती. त्या न उठलेल्याला तो थांब्या म्हणत असे. नाव वेगळं होतं, पण सायाळीला त्याचं काही वाटलं नाही. तो कुठल्या कुशीवर झोपतो, असं तिने विचारलं, आणि करकोचा म्हणाला, उजव्या, दुसऱ्या कुशीवर झोपला तर दार दिसणार नाही. दार दिसण्याचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पाऊस आला तर तो काय करतो, राजा परतल्यावर त्याला कोणी सांगायला गेलं की नाही, पिल्लांपैकी कोणी मोठं होऊन त्याला भेटायला आलं का, यावर दोघांनी बोलून बोलून घसे बसवले. ती बिळाबाहेर बसून जेवली. आपण जेवताना कोणी समोर आहे, याचं तिला पुन्हा पुन्हा नवल वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी करकोच्याने आपली गुंडाळी सोडली. निशाण एकच न्यायचं होतं, तेव्हा कोणाचं न्यायचं ते ठरवायला हवं होतं. कापड उलगडलं आणि सायाळीच्या तोंडचं पाणी पळालं. चित्र चांगलंच होतं. पण त्या थांब्याला पंख होते. एक मोडून खाली लोंबत होता आणि दुसरा त्याने दारावर असा पसरून धरला होता की आतलं काही बाहेरून दिसू नये. पाठ खडबडीत होती. खाली लिहिलेलं ब्रीद होतं, 'कोणी येईपर्यंत'.

तिने आधी हसून सांगून पाहिलं की पंख चुकले आहेत. करकोचा म्हणाला, गोष्टीत पंखांचं काहीच सांगितलेलं नाही. नाही ना, मग नाहीत, असं तिचं म्हणणं. मग पाठ मऊ असल्याचं तरी कुठे सांगितलं आहे, असं त्याचं. खरं तर भांडणात दम नव्हता. करकोच्याने थोड्या वेळाने आपली गुंडाळी बाजूला ठेवली आणि म्हणाला, आपण तुमचंच निशाण नेऊ, मी काठी धरतो, ब्रीदही म्हणतो. सायाळीने तिथे थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं ज्याला तिने एकटीने सांभाळलं होतं, त्याला कोणी मनातल्या मनात पंख लावून काठी धरणार, हे तिला सहन होईना. नुसतं धरायचं नाही, पंख नाहीत हे कबूल करा, असं ती म्हणाली.

"ते मला नाही म्हणता येणार," करकोचा म्हणाला. मग त्याने सुचवलं की टिटव्यांसारखं नुसतं दार काढू. दार तर दोघांनाही मान्य आहे.

दारासाठी मी आयुष्य घातलं नाही, असं ती म्हणाली. त्यानंतर ती जे बोलली ते तिला बोलायचं नव्हतं, निदान पुढे ती स्वतःला तसं सांगत असे.

"तुमचा पंख मोडला म्हणून त्याचाही मोडायचा का?"

करकोच्याने लोंबणारा पंख चोचीने उचलून नीट अंगाशी घेतला. मग निशाण गुंडाळलं, काठ्या पाठीला बांधल्या. एवढं सगळं करेपर्यंत तिला हाक मारायला पुष्कळ वेळ होता.

"तुमच्या मागल्याची पाठ इतकी मऊ का," तो जाताना म्हणाला, "ते मी तुम्हाला विचारलं नव्हतं, बाई."

चौथा दिवस सायाळीने बिळात काढला. तो परत येईल असं तिला वाटत होतं. आला की पंखांचं सोडून देऊ, असंही तिने संध्याकाळपर्यंत ठरवलं होतं. पण आपण जाऊन त्याला शोधावं, हे तिला सुचलं तेव्हा निशाणांचा दिवस उजाडला होता, आणि माळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरून गेला होता. ती दोन्ही काठ्या बगलेत घेऊन गर्दीतून फिरली. करकोचा दिसतो का म्हणून मान उंच करायची, तर समोर निशाणंच निशाणं. आठ पायांचे शरभ, दोन तोंडांचे गंडभेरुंड, हिरवे मकर, निळे मकर. ती जाईल तिथे लोक काट्यांमुळे बाजूला होत होते, आणि ती गेली की जागा पुन्हा भरत होती. मिरवणूक दगडासमोरून गेली. थोरल्या राघूने शेवटी दोनदा विचारलं, मागच्या दाराचं कोणी आहे का. त्याच्या बाजूने तेवढं त्याने केलं. सायाळ तेव्हा गर्दीच्या मागे अडकलेली होती, आणि पुढे असती तरी एकटीच असती.

दुपार झाली. ती नेहमीच्या जागी, रुईच्या झुडपाशी जाऊन बसली. राघूंनी गोष्ट सुरू केली. पूर्वेचा दरवाजा झाला, ससे नाचले. पश्चिमेचा झाला, दक्षिणेचा झाला. उत्तरेला व्याळाने सेनापती धरला आणि माळावर जयजयकार झाला. तो ओसरल्यावर थोरल्या राघूने श्वास घेतला. इथे ती ओळ यायची. राघूने श्वास पुरा केला आणि राजा परत आल्याचं सांगायला लागला. हजारो जण ऐकत होते. कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही, कोणी शेजाऱ्याकडे वळून पाहिलं नाही. गोष्ट जरा आटोपशीर झाली, एवढंच कोणाला वाटलं असलं तर.

त्या श्वासाएवढ्या जागेत सायाळ बोलून गेली होती. तिने ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप आलं. 'मागच्या दारावर एक होता, तो उठला नाही.' आणि ती शेवटच्या शब्दाशी आली तेव्हा माळाच्या अगदी पलीकडच्या टोकाकडून, तळ्याच्या बाजूने, बसक्या आवाजात तीच ओळ तिला ऐकू आली, तिच्यापेक्षा जराशी मागे पडलेली. तिच्या शेजारच्या सशाने तिला गप्प बसायची खूण केली. तिकडेही बहुधा कोणीतरी केलीच असणार, कारण तो आवाज पुन्हा आला नाही.

ती उठून उभी राहिली. मधल्या गर्दीतून वाट नव्हती, आणि गोष्ट चालू असताना जागा सोडायची नाही असा रिवाज होता. तिने आपलं गुंडाळलेलं निशाण दोन्ही हातांनी डोक्यावर, जितकं उंच नेता येईल तितकं नेलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग तळ्याकडच्या टोकाला, सगळ्या डोक्यांच्या वर, तसंच एक गुंडाळलेलं निशाण हळूहळू उभं राहिलं आणि वाऱ्यात जरासं हलत राहिलं. या काठीपासून त्या काठीपर्यंत सगळा माळ पसरलेला होता.